शमुवेलच्या जागेवर

"बाई चढली! बाई चढली!"

पहिल्यांदा विजेच्या खांबावर चढले तेव्हा खालून ही आरोळी ऐकू आली. मला इतकं हसू आलं, की पाय लटपटायचे थांबले. दापोलीपासून थोडी आत असलेली एक वाडी. लावणीला निघालेल्या बायका वाटेत थांबल्या, पोरं शाळेच्या पडवीतून धावत सुटली, आणि एक म्हातारे काठी टेकत टेकत येऊन अगदी खांबाच्या बुडाशी उभे राहिले. आमच्या टोळीतले सगळ्यांत जुने लाइनमन सावंत त्यांना म्हणाले, "आजोबा, लांब व्हा." तर आजोबा म्हणतात, "असू दे रे. पडलीच तर झेलू."

नाताळ अंकासाठी सेवेतले अनुभव लिहून द्या, असं आमच्या चर्चच्या मंडळीतून सांगणं आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सेवा म्हटली की आपल्या लोकांना पाळक आठवतात, नर्स आठवते, शाळेतल्या बाई आठवतात. वायरमन कुणाला आठवत नाही. वीज गेली की मात्र सगळ्यांत आधी आठवतो! कागदावर माझं पद तंत्रज्ञ. गावांत मला वायरमनबाय म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

या नोकरीत माणसं काय एकेक भेटतात! एकानं तक्रार केली, की माझे शर्ट मला चावतात. जाऊन बघितलं तर त्यानं खांबाच्या ताणाच्या तारेला कपड्यांची दोरी बांधलेली, तीही लोखंडी तारेची. एक आजी फणसाची फांदी तोडू देईना. फांदी लाइनला घासत होती, वारा आला की ठिणग्या पडत होत्या. "फणस आधीचा, तुझी वायर मागनं आली," एवढाच तिचा मुद्दा. शेवटी फणस उतरेपर्यंत तिनं आम्हाला थांबवलं, आणि फांदी तोडल्यावर त्यातलाच एक पिकलेला फणस आमच्या गाडीत टाकला.

आता कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या लाइनवर काम करायचं ती आधी उपकेंद्रातून बंद करून घ्यायची. तिथला माणूस 'बंद केली' म्हणून कळवतो, त्याला आम्ही परमिट म्हणतो. पण परमिट मिळालं म्हणून लगेच तारेला हात लावायचा नाही. आमच्याकडे एक लांब काठी असते, तिला तांब्याची जाड वायर जोडलेली. वायरचं एक टोक जमिनीत ठोकायचं, दुसरं काठीनं तारांवर अडकवायचं. याला अर्थिंग म्हणतात. मग तारेत कुठूनही वीज आली तरी ती माणसाला सोडून जमिनीत जाते.

बंद लाइनमध्ये वीज येणार कुठून, असं तुम्ही विचाराल. घरातून येते! वीज गेली की लोक जनरेटर लावतात. मेन स्विच न काढता तो लावला, की जनरेटरची वीज उलट्या वाटेनं खांबावर जाते, तिथून डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरते आणि कित्येक पटींनी वाढून मोठ्या लाइनमध्ये येते. खांबावरच्या माणसाला वाटत असतं, लाइन बंद आहे.

माझा नवरा शमुवेल असाच गेला. तोही लाइनमन होता. समुद्राकाठच्या एका गावात, भर दुपारी, परमिट घेऊन वर चढला होता. अर्थिंगची काठी त्या दिवशी दुसऱ्या कामावर गेलेली. खालच्या बागेत सुपारीला पाणी द्यायला कुणीतरी जनरेटर लावला. सावंत खांबाखालीच उभे होते. त्यांनीच शमुवेलला उतरवला, आणि मला सांगायला घरी आले. नुसते दारात उभे राहिले.

बागेचा मालक नाना. बागायतदार, गावात मान असलेला माणूस. मुद्दाम केलं असं कुणीच म्हटलं नाही, त्याला माहीतच नव्हतं. चौकशी झाली, काही दिवस बोलणं झालं आणि मिटलं. तो माणूस आमच्याकडे कधी आला नाही. मला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं.

मंडळीतले लोक भेटायला यायचे. चांगली माणसं, डबे घेऊन यायची. पण कुणी "देवाची इच्छा" म्हटलं की हातातलं पातेलं भिरकावून द्यावंसं वाटायचं. रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना, जिथे इतरांना क्षमा करण्याचं येतं तिथे माझं तोंड बंद व्हायचं आणि पुढच्या शब्दांना परत उघडायचं. एकदा पाळकसाहेबांना मी हे सांगितलं. मला वाटलं, समजावतील. ते म्हणाले, "गप्पच राहा. देवाशी खोटं बोलण्यापेक्षा ते बरं. तो थांबतो." या एका वाक्यावर मी बरीच वर्षं काढली.

अनुकंपा म्हणून मला नोकरी मिळाली. ऑफिसात बसून टेलिफोन घ्यायचं काम देत होते. मीच म्हटलं, मला लाइनवर पाठवा. साहेबांना वाटलं, हिला दुःखानं काही सुचत नाहीये. तसं नव्हतं. ज्या गोष्टीनं माझा माणूस नेला ती काय आहे, कशी वागते, हे मला जाणून घ्यायचं होतं. पोरांबरोबर बाकावर बसून मी आयटीआय केलं. सगळ्यांत मोठा आधार माझ्या सासूबाईंचा. मी त्यांना आई म्हणते. मुलगा खांबावर गेलेला, आणि सून त्याच खांबांवर चढायला निघालेली! त्या एवढंच म्हणाल्या, "साडी नेसून चढू नकोस हो. पॅन्ट शिवून घे."

वीसेक वर्षं होत आली. पण खरं सांगायचं ते त्या जूनचं, चक्रीवादळ आलं तेव्हाचं.

लॉकडाऊन चालू होता, चर्च बंद होतं. वादळ आलं तेव्हा मी आणि आई स्वयंपाकघरात कट्ट्याखाली बसलो होतो. छपराचे पत्रे एकामागोमाग एक निघाले. शेवटचा पत्रा गेला आणि पाऊस सरळ चुलीवर पडायला लागला. वारा उतरला तसं शेजारच्या मेहरूनआपांनी आम्हाला त्यांच्या घरी नेलं. त्यांचं स्लॅबचं घर. मी ओल्या कपड्यांनी तिथे बसले, आणि मनात देवाला विचारलं, की आता अजून काय राहिलंय? रागानंच विचारलं. उत्तर वगैरे काही आलं नाही. सकाळी सावंतभाऊंचा निरोप आला, "वहिनी, घर पडलं असेल तर येऊ नका. पण आलात तर बरं होईल."

सावंत मला वहिनी म्हणतात, शमुवेलच्या वेळेपासून.

आईंकडे बघितलं. म्हणाल्या, "इथे आपा आहेत माझ्याजवळ. सगळ्या तालुक्यात अंधार आहे, तू इथे बसून काय भिंती धरणार आहेस?"

मी गेले. आणि जे बघितलं ते काय सांगू! आमचे खांब, ज्यातला एकेक मला पाठ होता, ते रस्त्यावर आडवे. तारांचे गुंते नारळांच्या झावळ्यांत, आंब्याच्या बागा मुळापासून उपटलेल्या. दुसऱ्या जिल्ह्यांतून टोळ्या आल्या, चांगली तरबेज माणसं. पण लाइन कुठून कुठे जाते हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण वाट दाखवणारे खांबच उरले नव्हते. मग मी पुढे आणि टोळी मागे. "इथे वळते, त्या कातळावर दोन खांब, मग खाली पऱ्ह्याच्या पाण्यापलीकडे," असं सांगत मी चिखलातून धावायची. होय, धावायची! घर गेलेलं, अंगावर मेहरूनआपांच्या मुलाचा शर्ट, आणि मला एवढा जोर कुठून येत होता, देव जाणे. अगदी खरंच, देवच जाणे.

जिथे क्रेन पोचेना तिथे माणसं पोचली. मुरुडच्या बाजूला एका वाडीत बायकांनी दोर धरला, म्हाताऱ्यांनी धरला, मुंबईहून लॉकडाऊनमुळे परत आलेल्या पोरांनी धरला. हैशा म्हणत सिमेंटचा खांब चढणीवरून ओढत नेला. एक बाई मला म्हणाली, "वायरमनबाय, तुमच्या येशूला सांगा ना जरा हात लावायला." मी म्हटलं, "अहो, त्यानंच नाही का तुम्हाला पाठवलं!" ती अशी खळखळून हसली, की दोरच सुटला, आणि सगळ्यांनी आम्हा दोघींना शिव्या घातल्या. संध्याकाळी त्या वाडीत वीज आली. ओरडा झाला, थाळ्या वाजल्या, आणि एका घरातला विसरून चालू राहिलेला मिक्सर रिकामाच घुर्रकन फिरायला लागला. आम्ही दमून जमिनीवर पडलो होतो, तिथेच हसत सुटलो.

असे दिवसामागून दिवस गेले, आणि एका दुपारी साहेबांनी पुढच्या गावाचं नाव सांगितलं. शमुवेल गेला ते गाव.

सावंत लगेच म्हणाले, "वहिनी, तुम्ही इथेच थांबा. मी जातो." मला थांबायचंच होतं. पण सावंतांचा खांदा आदल्या दिवशी दोर ओढताना धरला होता, हात वर जात नव्हता. बाहेरच्या टोळ्या वेगवेगळ्या गावांत गुंतलेल्या. आमच्यातलं वर चढणारं त्या घडीला मीच उरले होते. गाडीत बसले.

गावात शिरताच सरपंच धावत आले. "बाई, लवकर बघा. नानांची बायको ऑक्सिजनच्या मशीनवर आहे. जनरेटरवर चालवलंय. डिझेल संपत आलंय, दापोलीचा रस्ता झाडांनी बंद. संध्याकाळपर्यंत पुरलं तर पुरलं."

आणि मग तो आवाज ऐकू आला. जनरेटरचा. भुडभुड भुडभुड, बागेतून.

सावंत माझ्याकडे बघायला तयार नव्हते. पडलेला खांब गावकऱ्यांनी उभा करून ठेवला होता, तारा चढवून बांधायच्या होत्या. काम ओळखीचं, थोड्याच वेळाचं. पण तो आवाज चालू असताना वर जायचं होतं.

जनरेटर लाइनपासून तोडलाय की नाही, हे आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वर चढायचं नाही, हा नियम. म्हणून मी बागेतून खाली गेले. नारळ, सुपाऱ्या सगळं आडवं. पडवीत नाना उभे. मी कल्पनेत ठेवला होता तो माणूस दांडगा होता. हा वाळलेला, दाढी वाढलेला म्हातारा. त्यांनी मला ओळखलं. माझ्या हेल्मेटकडे बघितलं, चेहऱ्याकडे बघितलं, आणि शर्टाच्या खिशात हात घालून चिनी मातीचे दोन पांढरे फ्यूज काढले. मीटरखालचे. ते काढले की घराचा आणि खांबाचा संबंध तुटतो.

"आधी हे काढतो," ते म्हणाले, "मग जनरेटरला हात लावतो. त्या दिवसापासनं. स्विचवर माझा भरवसा नाय."

मी मीटरजवळ जाऊन बघितलं. जागा रिकाम्या होत्या. तारही तपासली. सगळं बरोबर होतं.

आतून त्यांच्या बायकोची धाप ऐकू येत होती. नाना दारातून म्हणत होते, "इंदू, हळू. हळू श्वास घे." मग माझ्याकडे वळले. "वर कोण चढणार?"

"मी."

"तू?" ते एकदम जनरेटरकडे चालायला लागले. "मग बंद करतो. तू वर असताना हा चालू ठेवायचा नाय."

"आणि काकी?"

त्यांनी दाराकडे बघितलं. आणि हात जनरेटरच्या बटणावर ठेवला. मी बघत होते. हा माणूस खरंच बंद करणार होता. माझ्यासाठी, स्वतःच्या बायकोचा श्वास.

त्या क्षणी माझ्या आत काय झालं, ते मी बऱ्याच वेळा सांगायचा प्रयत्न केलाय आणि मला जमलेलं नाही. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. फक्त इतक्या वर्षांचं काहीतरी, जे मी घट्ट धरून ठेवलं होतं, ते हातात नव्हतं. मी सोडलं असंही म्हणता येणार नाही. कुणीतरी अलगद काढून घेतलं. याला मी कृपा म्हणते. माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

मी म्हटलं, "नाना, बंद करू नका. ते फ्यूज माझ्याकडे द्या."

देताना एक फ्यूज त्यांच्या हातातून निसटला. मी झेलला, दोन्ही खिशात टाकले, आणि वर आले. सावंतांना म्हटलं, "दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावू." लावलं. परमिट पुन्हा एकदा विचारून घेतलं. शिडी लावली, पट्टा बांधला.

नियमाप्रमाणे मला काही धोका नव्हता. पण भीतीला नियम कुठे कळतात? प्रत्येक पायरीला तो भुडभुड आवाज कानात घुसत होता. अर्ध्यावर गेल्यावर पाय थांबले. मी मोठ्यानं प्रार्थना करायला लागले. शब्द असे काही नव्हतेच, नुसतं "प्रभू, प्रभू" चाललं होतं. खालून सावंत, देवळात जाणारा माणूस तो, ओरडले, "वहिनी, मोठ्यानं म्हणा! मलाही ऐकू येऊ दे!" आणि मला पुन्हा हसू फुटलं. रडू आणि हसू एकदमच. हसतच उरलेली शिडी चढले.

वर गेल्यावर समुद्र दिसला. शमुवेलनं शेवटचं बघितलं ते हेच असणार, असं मनात आलं. त्याचं मला दुःख झालं, पण भीती वाटली नाही. हात आपोआप चालत होते. तार ओढली, बांधली, पिळली, पुढची घेतली. इतकं नीट काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही! खाली गाव जमून वर बघत होतं.

उतरले, अर्थिंग काढलं, उपकेंद्राला कळवलं. लाइन चालू झाली. वरच्या आळीत ओरडा उठला, पण मला तिकडे बघायला वेळ नव्हता. धावत बागेत गेले. आता जनरेटर बंद करून फ्यूज बसवायचे होते, आणि तेवढा वेळ मशीन थांबणार होतं. मी मीटरजवळ उभी राहिले, नानांना म्हटलं, "करा बंद." भुडभुड थांबली. आतून मशीनचा सूं आवाजही थांबला. एक फ्यूज बसवला. दुसरा नीट बसेना, खिशात घामानं ओला झाला होता. शर्टाला पुसला, दाबला. बसला!

मशीन पुन्हा सूं करायला लागलं. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. काकी आतून बारीक आवाजात म्हणाल्या, "आली का हो?"

नाना पायरीवर बसले. खाली बघत बोलायला लागले. "सुपारीला पाणी हवं होतं गो, बाय. पाण्यापायी झालं. तुझ्या दाराशी दोनदा आलो. फाटकाला हात लावला आणि माघारी गेलो."

मला काहीतरी मोठं बोलायला हवं होतं बहुतेक. मी म्हटलं, "तिसऱ्यांदा या. पण फाटक वादळात गेलंय, सरळ आत या."

ते रडले. मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसून रडले. मग त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. स्वतः पेज वाढली, लोणचं दिलं. मी जेवणाआधी हात जोडले, तर नानाही हात जोडून थांबले, माझं होईपर्यंत.

शमुवेल गेला म्हणून मला ही कृपा मिळाली, असं मी कधी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर मला आजही राग येईल. तो असता तर मला हवाच होता. पण ज्या जागी मी तुटले होते, नेमक्या त्याच जागी देव माझी वाट बघत उभा होता, हे मी अनुभवलं आहे. जिथे जायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, तिथेच माझ्यासाठी ताट मांडलेलं होतं.

दिवेलागणीला मेहरूनआपांकडे परत आले. आमच्या आळीत अजून वीज आलेली नव्हती, आपांनी मेणबत्ती लावली होती. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोरानं सोललेला माझा हात त्यांनी ओढून घेतला आणि खोबरेल चोळायला लागल्या.

"आज कुठे होतीस?"

मी गावाचं नाव सांगितलं. चोळणारा हात थांबला.

"तिथे चढलीस?"

"चढले."

"तो भेटला?"

"भेटला. त्याच्या घरी जेवले, आई." मग मी सगळं सांगितलं. फ्यूज, जनरेटर, मशीन, पेज. आई ऐकत राहिल्या. माझं बोलणं संपलं तसा त्यांनी माझा हात खाली ठेवला. मला धास्ती वाटली, की मी यांचं काळीज दुखवलं. मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"तिचं नाव काय गं?"

"कुणाचं?"

"त्याच्या बायकोचं. नाव घेतल्याशिवाय कशी प्रार्थना करू मी तिच्यासाठी?"

"इंदू," मी म्हटलं.

आईंनी डोळे मिटले, आणि सुरुवात तिच्यापासूनच केली.